कड्याच्या माळावर विमान

कडा हे नाव ऐकले की अनोळखी माणसाच्या डोळ्यांपुढे सह्याद्रीचा एखादा तुटका कडा उभा राहतो; खाली दरी, वर घोंघावणारा वारा आणि पोटात उठणारा गोळा. ताईचे लग्न ठरले तेव्हा मी नुकताच कॉलेजात गेलो होतो, आणि आपल्या बहिणीला असल्या ठिकाणी देण्याचे वडिलांना सुचले तरी कसे, असा प्रश्न मला पडला होता. वऱ्हाडाची गाडी नगरहून निघाली, चिचोंडी गेली, धानोरा गेले, आणि शेवटी एका सपाट मुलखात थांबली. ‘कडा कुठे आहे?’ असे मी विचारले तेव्हा नवऱ्याकडचे लोक इतके हसले की पुढची दोन-तीन वर्षे मला तिथे त्याच नावाने ओळखत. खुद्द दाजी अजून विचारतात, “काय प्राध्यापक, सापडला का कडा?”

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले हे गाव. पर्जन्यछायेचा प्रदेश, पाऊस आला तर आला, नाहीतर वर्षभर त्याच्या गोष्टी. डोळ्यांत भरावे असे इथे काही नाही, असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो. आहे तो कांद्याचा बाजार. मोसमात बाजारात शिराल तर कांद्याचे ढीग, त्यांतून उडणारी पापुद्र्यांची गुलाबी धूळ (गुलाबी असते असे मला सांगण्यात आले आहे, त्याविषयी पुढे येईलच) आणि भावावरून चाललेला कल्लोळ. दसरा-दिवाळीच्या सुमारास मात्र आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरची निम्मी माणसे ऊसतोडीला निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, चूल, कोंबड्या, त्यावर पोरे, आणि मागे बांधलेली एखादी शेळी. आपण दिवाळीला गावी येतो त्याच वाटेवर ही माणसे गाव सोडून जाताना भेटतात. ती जाताना बघून फराळाचा घास काही वेळ तोंडात फिरतो, हे खरे.

पण कड्याला एक गोष्ट उदंड आहे. आकाश! झाडे थोडी, इमारती बुटक्या, माळ लांबवर पसरलेला. आणि पावसाळा सरला की वर इतके धुतलेले, इतके रिकामे आकाश की शहरातून आलेल्या माणसाची मान आपोआप वर होते. त्या आकाशाचा उपयोग करायचे माझ्या भाच्याने ठरवले, आणि त्यातूनच ही हकिकत घडली.

२३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर ते आष्टी या सहासष्ट किलोमीटरांवर पहिली प्रवासी गाडी धावली. नगर-बीड-परळी ही २६१ किलोमीटरांची रेल्वे १९९५-९६ साली मंजूर झाली होती, म्हणजे सत्तावीस वर्षांत गाडीने आष्टी गाठली. (आता १७ सप्टेंबर २०२५ पासून ती बीडपर्यंत जाते.) नारायणडोह, न्यू लोणी, सोलापूरवाडी, न्यू धानोरा आणि मग कडा. आमचा भाचा, दोन मुलींच्या पाठीवरचा एकुलता एक, त्या दिवशी स्टेशनावर गेला आणि इंजिनाच्या खिडकीतून हात हलवणारा ड्रायव्हर बघून आला. त्या दिवसापासून त्याचे ठरले. रेल्वेचा ड्रायव्हर व्हायचे. लोको पायलट म्हणायचे असते त्याला, असे त्याने मला दुरुस्त करून सांगितले. त्या वाटेने जाता यावे म्हणून दहावीनंतर त्याने आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतला. दाजींनी हरकत घेतली नाही. “कांद्यापेक्षा गाडी बरी. गाडीचा भाव तरी रोज बदलत नाही,” एवढेच ते म्हणाले.

विमान हा त्याचा फावल्या वेळचा नाद. थर्माकोलचा पत्रा, बांबूच्या कामट्या, बाजारात मिळणारी छोटी मोटार, बॅटरी आणि रिमोट. गेल्या दिवाळीत मी भाऊबीजेला गेलो तेव्हा ते तयार होऊन ओसरीवर टांगलेले होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंख एकशेवीस सेंटिमीटर. पंखांवर बारीक चौकड्यांची नक्षी, कडेला तिरंग्याच्या रेघा, मधोमध वळणदार अक्षरांत ‘कडा एक्स्प्रेस’. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे डाव्या पंखाचे टोक लाल, उजव्याचे हिरवे.

“खऱ्या विमानाला डावीकडं लाल दिवा असतो मामा, आन् उजवीकडं हिरवा. जगात सगळीकडं. रात्री समोरून येणारं विमान कुठल्या तोंडानं येतंय ते त्यावरून कळतं.”

ही माहिती अगदी बरोबर आहे. मी मराठी शिकवणारा माणूस. विमानाच्या बाबतीत मी त्याच्याच वर्गात बसतो.

उडवण्यापूर्वी त्याने मोबाइलवर सरकारी नकाशा उघडला. २०२१ च्या ड्रोन नियमांनी देशाच्या आकाशाचे तीन भाग पाडले आहेत: हिरवा, पिवळा आणि लाल. हिरव्यात चारशे फुटांपर्यंत मोकळीक, पिवळ्यात परवानगी, लालमध्ये बंदी. त्याने फोन माझ्यापुढे धरला आणि सहज म्हणाला, “मामा, कडा हिरव्यातच आहे ना?” मी चष्मा सारखा केला, फोन दूर धरला, जवळ धरला, आणि म्हटले, “ताईला विचार. माझा चष्मा जुना झालाय.” ताईने ओट्यावरूनच सांगितले, “हिरवाच आहे की ढळढळीत!” त्या क्षणी आम्हा दोघांच्याही काही लक्षात आले नाही.

संध्याकाळी रेल्वेच्या रुळांपासून बरेच अलीकडे, दाजींच्या शेताच्या वरच्या अंगाला जो माळ आहे तिथे आम्ही गेलो. ताईही आली, दिवसभर अनारसे तळून तिला वारा हवा होता. विमान हातातून सुटले, गचके खात वर चढले, आणि बघता बघता चिमणीएवढे झाले.

इथे वाचकांना एक अडचण सांगितली पाहिजे. विमान आपल्यापासून दूर जात असते तोवर त्याचे डावे ते आपले डावे. पण ते वळून आपल्याकडे येऊ लागले की सगळे उलटे होते. दांडी डावीकडे ढकलली की विमान आपल्या उजवीकडे जाते. सराव असला तरी आधी हे कळायला हवे की ते येते आहे की जाते आहे, पोट दिसते आहे की पाठ. आणि नेमके तेच दिसत नाही. कारण उजळ आकाशावर कोणतीही वस्तू काळी पडते. डोक्यावरच्या घारीचा तपकिरी रंग कुणाला दिसतो? आपण तिला ओळखतो ती शेपटीच्या खाचेवरून. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, अमेरिकन नौदलाने याच्यावर मोठा चमत्कारिक प्रयोग केला. पाणबुडीवर चाल करून जाणारे विमान लांबून काळ्या ठिपक्यासारखे दिसे म्हणून त्यांनी विमानाच्या तोंडाला चक्क दिवे लावले, आकाशाइतके उजळ. दिव्यांविना बारा मैलांवरून दिसणारे विमान दिवे लावल्यावर दोन मैलांच्या आत आले तेव्हा दिसले. लपायचे तर दिवा लावायचा! मोठमोठ्या विमानांची ही स्थिती, तिथे थर्माकोलच्या पत्र्याची काय कथा?

तर आमचे विमान वळले. भाचा डोळे बारीक करून बघत होता. मीही बघत होतो. आम्हाला दिसत होती एक काळसर आडवी रेघ, आणि ती हळूहळू तिरपी होत होती. एवढ्यात मागून ताई ओरडली, “अरं, लाल पंख खाली चाललाय! लाल खाली! उचल त्याला!”

“लाल कुठला?” भाचा ओरडला.

मला हसू यायचे होते. स्वतःच्या हाताने लावलेला लाल रंग हा कुठला म्हणून विचारतो! पण हसण्यासाठी मी वर पाहिले आणि माझे मला कळले की लाल कुठला हे मलाही सांगता येणार नाही. विमान तिरपे होत गेले, गिरकी घेतली, आणि ज्वारीच्या कोवळ्या पिकात नाक खुपसून पडले.

वाटेत कुणी फारसे बोलले नाही. “लांब होतं, दिसलं नसंल,” असे ताई स्वतःशीच दोनदा म्हणाली. रात्री जेवणे झाल्यावर ती अंगणात रांगोळीच्या वाट्या घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. तिने भाच्याला हाक मारली आणि म्हणाली, “हिरव्याची वाटी दे बरं.” त्याने एक वाटी दिली. ती तिने बाजूला ठेवली. “आता विटकरी.” त्याने आणखी एक दिली. मग तिने मला बोलावले. मी तिथेच खुर्चीवर वर्तमानपत्र वाचत होतो. “तू दे रे हिरवी.” मी वाट्यांपुढे बसलो. सात वाट्या होत्या. निळी आणि पिवळी मला स्वच्छ दिसत होती, पांढऱ्याचा प्रश्नच नव्हता. उरलेल्या चारांतली दोन एकाच मातीची वाटत होती. मी एक उचलली. भाच्याने दिलेलीच वाटी मी पुन्हा दिली होती, आणि ती हिरवी नव्हती.

ताईने वाट्या झाकल्या. त्या रात्री अंगणात पांढरी रांगोळीच निघाली.

मला मात्र झोप येईना. चाळीस-पंचेचाळीस वर्षांतल्या किती बारीकसारीक गोष्टी एकेक करून उठून बसल्या! लहानपणी बोरे वेचायला गेलो की ताईच्या ओच्यात पिकलेली आणि माझ्या खिशात कच्ची. आई म्हणायची, याचे लक्ष नसते. सीताफळे मात्र मी कधी चुकलो नाही, कारण ती रंगावर नाही, डोळे उघडल्यावर आणि बोटाला मऊ लागल्यावर कळतात. बालाघाटातला माणूस सीताफळात आंधळाही चालतो. वर्गात हिरव्या फळ्यावर लाल खडूने लिहिले की मलाच वाचता येत नाही, म्हणून मी पांढरा खडू घेतो. त्याला विद्यार्थी साधेपणा म्हणतात! शाळेत असताना डोळे तपासले गेले होते. फळ्यावरची लहान अक्षरे वाचली की पास. रंग कुणी विचारलाच नाही. भाच्याच्या शाळेतही तेच झाले होते.

दोन दिवसांनी आम्ही तिघे नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ठिपक्यांच्या तबकड्यांचे ते पुस्तक काढले. तोक्योच्या इशिहारा नावाच्या डॉक्टराने १९१७ साली केलेले. ताई पानामागून पान घडाघडा आकडे वाचत गेली. आम्ही दोघे मामा-भाचे ठिपके बघत राहिलो. लाल-हिरव्याचा दोष, जन्माचा. औषध नाही, वाढणारही नाही. डॉक्टरांनी कागदावर रेघा काढून समजावले. हा दोष एक्स नावाच्या गुणसूत्रावर असतो. बाईला ती दोन असतात, म्हणून एक बिघडले तरी दुसरे सांभाळून घेते आणि तिला स्वतःला सगळे नीट दिसते. पुरुषाला एकच. ते बिघडलेले आले की दोष उघडा पडतो. मामाकडून भाच्याला काही जात नाही. दोघांनाही ते ज्याच्या त्याच्या आईकडून मिळते. मला आमच्या आईकडून. ताईलाही आईकडून, आणि ताईकडून याला.

“म्हणजे मी दिलं,” ताई म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, देणे-घेणे काही आपल्या हातात नसते. ते खरेच आहे. पण ताईने उरलेला वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळण्यात घालवला.

भाच्याने एकच प्रश्न विचारला. रेल्वेचा. उत्तर त्याला ठाऊक असावे. गाडी चालवणाऱ्याला रंगांची दृष्टी पूर्ण लागते, त्यात सूट नाही. ही काटेकोर तपासणी सुरू झाली तीही रेल्वेमुळेच. १८७५ साली स्वीडनमध्ये लागेरलुंडा येथे दोन गाड्यांची टक्कर झाली. होल्मग्रेन नावाच्या शास्त्रज्ञाने तिचे मूळ रंगांधळेपणात असावे असा तर्क केला, आणि रंगीत लोकरीच्या लडी निवडायला लावून रेल्वेच्या माणसांची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. ताईच्या रांगोळीच्या वाट्या म्हणजे त्याच लडी. तिला होल्मग्रेन माहीत नव्हता एवढेच. ज्याच्या अणुसिद्धान्तावर आजचे रसायनशास्त्र उभे आहे तो जॉन डाल्टनही असाच होता. १७९४ साली त्याने स्वतःच्या दृष्टीवर निबंध वाचला, आपल्या डोळ्यातले पाणी निळे असणार असा कयास बांधला आणि मेल्यावर डोळा उघडून पाहायला सांगून ठेवले. १८४४ साली पाहिले, तर ते निर्मळ होते. जपून ठेवलेल्या त्या डोळ्याची तपासणी १९९५ साली झाली तेव्हा कुठे खरे कारण सापडले. हे सगळे मी परतीच्या गाडीत भाच्याला सांगत होतो. प्राध्यापकांना दुःखावर व्याख्यान देण्याची वाईट खोड असते. तो खिडकीबाहेर बघत होता. सोलापूरवाडी गेल्यावर तो बोलला, आणि जे बोलला त्याने माझे व्याख्यान जागीच थांबले.

“मामा, आयटीआयत वायरी असतात. लाल फेज, हिरवी अर्थिंग. मी शेजारच्या पोराला इचारून जोडतो.”

किती दिवस? “पयल्या दिवसापास्नं. मला वाटायचं, सगळ्यांनाच अवघड जात असंल.”

ताईने त्याचा हात धरला आणि कडा येईपर्यंत सोडला नाही. एकोणीस वर्षांच्या मुलानेही तो सोडवून घेतला नाही.

दाजींना सांगितले तेव्हा त्यांनी फार वेळ काही म्हटले नाही. मग म्हणाले, “गाडी जाऊ दे. हात भाजला नाही हे काय कमी झालं?” आणि उठून कांद्याच्या रोपांना पाणी द्यायला गेले. त्यांचे पाणी त्या दिवशी अंधार पडेपर्यंत चालले होते.

विमान दोन दिवस तसेच पडून होते. तिसऱ्या पहाटे मला जाग आली तर ओसरीवर दिवा लागलेला. भाचा पंखावरची सगळी नक्षी खरवडत होता. तिरंगा गेला, चौकड्या गेल्या, ‘कडा एक्स्प्रेस’ गेली. शेजारी काळ्या चिकटपट्टीचे रीळ, मोजपट्टी आणि वहीत आकडेमोड. मला म्हणाला, “चुकी निस्त्या डोळ्यांची नव्हती मामा. आईला दिसलं ते रंगाचं टोक मोठं होतं म्हणून. चौकड्या तिलाबी दिसल्या नव्हत्या, मी इचारलं.”

त्याचा हिशेब असा. निरोगी डोळ्याला शंभर मीटरवरून सुमारे तीन सेंटिमीटरांपेक्षा बारीक गोष्ट वेगळी दिसत नाही. काळ्या-पांढऱ्या चौकड्या एकमेकींत मिसळून करड्या होतात, वर्तमानपत्रातल्या चित्राचे ठिपके मिसळतात तशा. नुसते दिसणे आणि झटकन ओळखणे यांत पुन्हा अंतर. डॉक्टरांच्या तक्त्यावरचे शेवटचे अक्षरसुद्धा त्याच्या पाचपट मोठे धरलेले असते. म्हणजे पट्टा हवा पंधरा सेंटिमीटर. एका बाजूचा पंख साठ सेंटिमीटर. दोन पट्टे काळे, दोन पांढरे, बरोबर चार. हे पोटाला. पाठीला सगळा पिवळा, कारण पिवळा त्याला माझ्यासारखाच पक्का दिसतो. काळे पट्टे दिसले की पोट, न दिसले की पाठ. डाव्या-उजव्यासाठी डाव्या पंखाचे टोक आख्खे काळे.

मी त्याला युद्धातली गोष्ट सांगितली. या वेळी त्याने ऐकली. जुलै १९४३ मध्ये सिसिलीवर दोस्तांच्या तोफांनी अंधारात आपलीच वाहतूक विमाने पाडली. म्हणून जून १९४४ च्या नॉर्मंडीच्या स्वारीआधी एकदोन दिवसांत हजारो विमानांच्या पंखांवर काळे-पांढरे पट्टे ओढले गेले. तीन पांढरे, दोन काळे. लढाऊ विमानांवर अठरा इंच रुंद. शूर-वीरांची चित्रे नाहीत, नक्षी नाही. नुसते पट्टे. भाचा म्हणाला, “अर्थिंगची नवी वायर असती ना, हिरव्यावर पिवळा पट्टा असलेली, ती मला कधीच चुकत नाही.” आणि पट्टी दाताने तोडून त्याने शेवटचा पट्टा बसवला.

त्याच सकाळी विमान पुन्हा माळावर गेले. ताई बांधावर उभी होती. तिला बोलू नकोस म्हणून त्याने बजावले होते, आणि ती तोंडावर पदर धरून उभी होती. विमान वर गेले, वळले. पोटाचे काळे पट्टे लख्ख दिसले. मग ते सरकत सरकत लपले आणि पाठ फिरली. मला कुणी न सांगता कळले की ते आता आमच्याकडे येते आहे. जन्मात पहिल्यांदा आकाशातली एखादी गोष्ट मला ताईच्या बरोबरीने दिसली असेल. ताईने ओरडायला तोंड उघडले होते. तिच्या आधी भाच्याने पंख सावरला होता.

दुपारच्या गाडीने मी निघालो. गाडी सुटली आणि माळ दिसू लागला तसा मी दाराशी आलो. लांब, जवळजवळ क्षितिजावर, एक ठिपका फिरत होता. काळा, मग नाही, मग पुन्हा काळा. शेजारच्या बाईंनी विचारले, घार आहे का? मी नाही म्हटले, आणि काय आहे ते सांगेपर्यंत माळ मागे गेला.

नगरला उतरलो तर त्याचा फोन. “मामा, पट्टे दिसले का गाडीतनं?”

“दिसले.”

“किती?”

मोजायचे राहून गेले होते, हे मी त्याला कबूल केले.